दोन बोटांचा समास

गेल्या अंकात आम्ही वाचकांना शब्द दिला होता की, माळव्यातील मराठी घरांत रुळलेल्या म्हणींविषयी या महिन्यात लिहू. टिपणेही काढून ठेवली होती. परंतु त्यांतील निम्म्याहून अधिक म्हणी ज्यांच्या तोंडून आम्ही ऐकल्या, ते आमचे आतेबंधू नाना गेल्या पौषात निवर्तले. टिपणांचे कागद समोर घेतले की प्रत्येक म्हणीमागून त्यांचाच चढा आवाज ऐकू येतो आणि लेखणी पुढे सरकत नाही. तेव्हा म्हणी तूर्त बाजूस ठेवाव्या आणि नानांविषयीच लिहावे, असे आम्ही ठरविले आहे. नाना काही थोर गृहस्थ नव्हते. वर्तमानपत्रात त्यांचे नाव एकदाच छापून आले, तेही निधनवार्तेच्या रकान्यात. तरीही इंदूरशी सोयरीक असलेल्या काही वाचकांच्या घरी त्यांच्या हातचे पत्र कधी ना कधी येऊन गेले असेल. ते कसे, हे पुढे येईलच.

नाना आमच्याहून बारा वर्षांनी वडील. वडिलांच्या फिरतीच्या नोकरीमुळे आमचे बालपण निमाडातल्या लहान लहान गावांत गेले; मात्र उन्हाळ्याची सुट्टी ठरलेली असे ती इंदुरास, रामबागेत, आत्याच्या वाड्यात. सायकल शिकलो ती नानांच्या. सराफ्यात रात्री अकरा वाजता उभ्याने भुट्ट्याचा कीस खाल्ला तो नानांच्या पैशांनी, आणि घरी परतल्यावर आत्याची बोलणी खाल्ली तीही नानांनीच. नात्याने भाऊ, वयाने काका, असा हा माणूस पुढे आमचा मित्र कधी झाला ते सांगता येणार नाही. शेवटपर्यंत आम्ही त्यांना 'तुम्ही' म्हणत आलो. पण मनातले जे कोणापाशी बोलता येत नसे, ते त्या 'तुम्ही'पाशीच बोलता येई.

नाना अकरावीत असताना त्यांचे वडील वारले. कॉलेजचे नाव निघण्यापूर्वीच ते शहरातल्या एका कापड गिरणीत मागावर लागले. घराण्यात तोवर सारे कारकून, मास्तर आणि तलाठी. गिरणीत पाळीचे काम करणारा पहिला मुलगा म्हणून आमच्या वडीलधाऱ्यांत जी कुजबुज झाली, ती आम्हांला लहानपणीही कळत होती; आज ती आठवून लाज वाटते. नानांस मात्र तिचे काही नसावे. पाळी संपवून घरी आले की केसांत, भुवयांत कापसाचा कोंडा असे. अंगणातल्या नळावर ते हातपाय धूत आणि आत्या चहा टाकी. त्या काळी इंदुरातले लोक गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळे लावीत. आमची आत्या तर भोंग्यावर कुकरच्या शिट्ट्या मोजी. त्याचा हिशेब आम्हांला कधी उमगला नाही.

शेकडो माग एकत्र धडधडत असतात, धोटा इकडून तिकडे आपटत असतो, तेथे माणसाच्या बोलण्याला वाव नसतो. मागवाले एकमेकांशी ओठांनी आणि हातांनी बोलतात. नाना अंगणाच्या एका टोकाला उभे राहून, तोंडातून शब्दही न काढता, दुसऱ्या टोकाच्या वहिनींना 'भाजी झाली का' असे विचारीत. आम्हां मुलांना ती मोठी जादू वाटे. त्या जादूची किंमत त्यांच्या कानांनी दिली. पस्तिशीच्या आतच त्यांना कमी ऐकू येऊ लागले. म्हणूनच आवाज चढा, आणि म्हणूनच पुढे घरोघरी टेलिफोन आले, खिशाखिशात मोबाइल आले, तरी नानांचा व्यवहार पोस्टानेच चालत राहिला. लोक त्याला जुने वळण म्हणत. खरे कारण एवढेच की, टेलिफोनवर त्यांना माणूस ऐकू येत नसे, कागदावर येई.

आता जे सांगायचे त्याला सुरुवात करतो. १९८९ साली एम. ए. मराठीसाठी आम्ही पुण्यास गेलो. सेंधव्याचा घाट उतरून धुळ्यामार्गे जाणाऱ्या बसमध्ये बसवून द्यायला नाना आले होते. दरमहा दीडशे रुपयांची मनीऑर्डर ते पाठवीत. सात तारखेच्या आसपास पोस्टमन दारात उभा असे. एका दिवाळीत बोनस हाती येताच त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाचे १९७५ सालचे पुनर्मुद्रण मिळवून आम्हांला पाठविले. 'मराठी शिकतो आहेस, तर सगळे शब्द एका जागी असलेले बरे,' असे मनीऑर्डरच्या कुपनावर लिहिले होते.

पुण्यात आमच्या बोलण्याची थट्टा होऊ लागली. पहिल्याच आठवड्यात वर्गात आम्ही 'पाऊस येऊन राहिला आहे' असे बोलून गेलो आणि मागच्या बाकांवर हशा पिकला. 'येऊन कुठे राहिला आहे? तुमच्याकडे का?' असे एकाने विचारले. आमच्या इंदुरी मराठीत चहा 'चाय' असतो, एखादे काम 'माझ्यापासून होत नाही', आणि रस्त्यात ओळखीचा माणूस 'मिळतो'. हे सारे आम्ही चार महिन्यांत जिभेवरून खरवडून काढले. वाचकहो, अपमान गिळलेला माणूस तो पोटात ठेवीत नाही. आपल्याहून साधा कोणी दिसला की त्याच्या पदरात टाकतो. निदान आम्ही तसे केले.

१९९०च्या फाल्गुनात नानांचे चार पानी पत्र आले. घरची खुशाली, आत्याचा गुडघा, वाड्यातल्या भाडेकरूंची भांडणे. त्यात एक वाक्य होते: 'काल बाजारात तुझे जुने मास्तर मिळाले, तुझी चौकशी करून राहिले होते.' आम्ही लाल शाईचे पेन घेतले. 'मिळाले'खाली रेघ मारून कडेला लिहिले, 'माणसे भेटतात, वस्तू मिळतात.' 'करून राहिले होते' याच्याखाली दोन रेघा. ऱ्हस्वदीर्घ, अनुस्वार, सारे तपासले. मायन्यात त्यांनी आमच्या वडिलांस 'तीर्थस्वरूप' लिहिले होते, ते बरोबर होते, म्हणून तेथे बरोबरची खूणही केली. खाली एकूण चुकांचा आकडा मांडला. आणि ते पत्र पाकिटात घालून इंदूरला परत पाठवून दिले. विनोद म्हणून, असे तेव्हा स्वतःला सांगितले.

उत्तर नेहमीप्रमाणे आठवड्याभरात आले. खुशाली, गुडघा, भाडेकरू. फरक एकच. कागदाच्या उजव्या बाजूला घडी घालून, शाळेच्या वहीत सोडतात तसा, दोन बोटांचा समास सोडलेला होता. आणि माथ्यावर, 'श्री'च्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'दुरुस्तीसाठी जागा ठेवली आहे.'

आम्ही ती ओळ खोलीतल्या मित्रांना वाचून दाखविली आणि हसलो.

ती ओळ नानांनी पुन्हा कधी लिहिली नाही. समास मात्र राहिला. त्यानंतर तीसपस्तीस वर्षांत त्यांची दोनशेच्या वर पत्रे आम्हांला आली असतील. एकाही पत्रात तो समास चुकलेला नाही. अंतर्देशीय पत्रात सोडला, पोस्टकार्डावर सोडला. पोस्टकार्डावर जागा ती किती? अर्धी बाजू पत्त्याला जाते. तरी ते अक्षर बारीक करीत, ओळी दाटून लिहीत, पण उजवीकडची दोन बोटे कोरी. हा विनोद होता, राग होता, की शिकलेल्या भावाविषयीचा खराच आदर होता, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. वर्षे गेली तसे विचारणे अधिकच अवघड होत गेले. नाना वरवर तरी मजेत दिसत. त्याच दिवाळीत आम्ही घरी गेलो तेव्हा त्यांनी ओट्यावरूनच हाक दिली, 'या मास्तर!' अजून आमचे एम. ए. व्हायचे होते. तेव्हापासून आम्ही त्यांचे मास्तर. जेवताना मध्येच म्हणाले, 'काय रे, नदी सागराला मिळते ना? का भेटते?' आम्ही म्हणालो, 'मिळते.' 'मग मास्तर मला मिळाले तर काय बिघडले?' आणि मोठ्याने हसून त्यांनी भातावर वरण वाढून घेतले.

पुढे आम्ही त्यांनीच दिलेला कोश उघडून बसलो, इतरही ग्रंथ पाहिले. 'मिळणे' याचा एकत्र येणे, जाऊन सामील होणे हा अर्थ जुना आहे. संस्कृतातील मूळ 'मिल्' धातूचा अर्थच तो. 'करून राहिला' हा प्रयोग तर वऱ्हाडात आणि नागपुराकडे लाखो माणसांच्या तोंडी आहे. १७३८ साली माळवा पेशव्यांकडे आला. त्याच्या मागेपुढे जी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली त्यांची भाषा पावणेतीनशेहून अधिक वर्षे माळवी आणि हिंदीच्या शेजारात वाढली आहे. शेजाऱ्याचे वळण तिला लागले तर त्यात नवल काय! हे सर्व आम्हांला ठाऊक झाले, त्यावर एका परिसंवादात आम्ही निबंधही वाचला. टाळ्या मिळाल्या. नानांना मात्र 'त्या दिवशी तुमचे बरोबर होते' असे आम्ही लिहिले नाही.

पत्रांविषयी आणखी थोडे. रामबागेतल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या कित्येक म्हाताऱ्या बायकांची पत्रे नाना लिहून देत. कोणाची मुलगी सांगलीस दिलेली, कोणाची नागपुरास, कोणाची थेट हैदराबादेस. रविवारी सकाळी पोहे-जिलबी आटोपली की अंगणात लाकडी पेटी मांडून ते बसत. कान जड, म्हणून काकूंनी समोर बसून सांगायचे आणि नानांनी त्यांच्या ओठांकडे पाहत लिहायचे. मायना बिनचूक: वडिलांस 'तीर्थरूप', विधवेस 'गं. भा.', धाकट्यास 'चि.' आणि 'अनेक उत्तम आशीर्वाद'. मृत्यूची वार्ता असेल तर माथ्यावर 'श्री' नाही आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला. असे कार्ड लिहिण्यापूर्वी ते उठून हात धुऊन येत.

एकदा आम्ही शेजारी बसलो होतो. एक आजीबाई मुलीला सांगत होत्या आणि तीच गोष्ट चारदा येत होती. लोणच्याची बरणी, तिची फडकी, पुन्हा बरणी. नाना चारही वेळा लिहीत होते. आम्ही म्हणालो, 'नाना, एकदा लिहिले की पुरे. आणि ते वाक्यही नीट करून घ्या.' त्यांनी मान वर केली नाही. 'पोरगी तिकडे सासरी बसून राहिली आहे. तिला आईचा आवाज आला पाहिजे. माझे अक्षर आहे, बोलणे तिचे आहे. त्यात मी कोण?' मराठीच्या शिक्षकास जे धडे मिळावे लागतात, त्यांपैकी हा एक आम्हांला त्या पेटीपाशी मिळाला. (मिळाला, भेटला नव्हे, धडा ही वस्तू आहे की व्यक्ती, हे वाचकांनी ठरवावे.)

१९९०नंतरच्या दोनचार वर्षांत गिरणीचे चाक थांबले. भोंगा बंद झाला. कामगारांची देणी कज्ज्यात अडकली आणि वर्षानुवर्षे अडकून राहिली. चाळिशीच्या उंबरठ्यावर नाना सियागंजात एका किराणा व्यापाऱ्याकडे वह्या लिहू लागले. पगार निम्मा. त्यांनी त्याविषयी पत्रात एवढेच लिहिले होते, 'आता जिरे, धणे आणि हळद यांच्या संगतीत आहे. कोंडा नाही, शिंका आहेत.' तोवर आम्हांला खरगोन जिल्ह्यात शासकीय शाळेत नोकरी लागली होती. शाळा हिंदी माध्यमाची, एम. ए. मराठी होऊन आम्ही हिंदी आणि इतिहास शिकवीत होतो. आमचे शुद्ध मराठी ऐकायला त्या गावात कोणी नव्हते. ते यायचे पोस्टाने, समास सोडून.

गिरण्या बंद पडल्या तरी अनंत चतुर्दशीच्या रात्रीच्या झांक्या बंद पडल्या नाहीत, हे इंदूरकरांस सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: गिरण्यांचे कामगार गणपती विसर्जनाच्या रात्री दिव्यांनी उजळलेले, हलते देखावे मिरवणुकीने काढतात, आणि सारे शहर पहाटेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना बसलेले असते. या प्रथेला शंभर वर्षे होऊन गेली. पगार थांबलेल्या माणसांनी वर्गणी आणि मदत गोळा करून बंद गिरणीच्या नावाने देखावा काढावा, यास काय म्हणावे! नाना दरवर्षी महिनाभर रात्री तेथे जात, तारा जोडीत, पुठ्ठे रंगवीत. मिरवणुकीत ते देखाव्याच्या समोर कधी नसत. मागे, जनित्राच्या गाडीपाशी असत. 'समोरून सगळे बघतात,' असे म्हणत.

१९९७ साली आम्ही मुद्दाम त्या रात्री इंदुरास गेलो. जनित्राच्या धुरात, ढोलताशांच्या गलक्यात आम्ही नानांच्या बाजूने चालत होतो. काय मनात आले कोण जाणे, आम्ही म्हणालो, 'नाना, ते पुण्याहून पाठवलेले पत्र... आमचे चुकले.' त्यांनी कानाला हात लावला. 'काय?' आम्ही थांबलो. पुन्हा म्हणायला हवे होते. 'काही नाही, झांकी छान झाली आहे,' असे आम्ही ओरडून सांगितले. ते हसले आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले. त्यांना ऐकू आले नाही, हे खरे. पण उजेड होता, देखाव्याचे दिवे आमच्या तोंडावर पडत होते, आणि नाना उभ्या जन्मात माणसे ऐकत आले ते ओठांवरूनच. पुढचे पत्र आले त्यातही समास होता.

पौषात थंडीच्या एका पहाटे नाना झोपेतच गेले. तेराव्यापर्यंत आम्ही रामबागेत होतो. एका दुपारी वहिनी बोलता बोलता म्हणाल्या की, आम्ही पुण्यास असताना गिरणीचा पगार दोनदोन महिने थकत होता; सात तारखेची मनीऑर्डर कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढून जात असे. 'तुम्हांला माहीत असेल असे मला वाटत होते,' त्या म्हणाल्या. आम्हांला माहीत नव्हते. लाल शाईचे ते पेन आम्ही त्याच पैशांतून घेतलेले असणार.

नानांची मुलगी बंगळुरास संगणकाच्या कंपनीत आहे. मराठी घरातलेच बोलते, लिहायची सवय मात्र सुटलेली. नातेवाइकांना मोबाइलवरून कळवायचा मजकूर तिने स्वतःच लिहिला आणि आमच्यापुढे धरला. 'काका, एकदा तपासून द्या ना. बाबा नेहमी सांगायचे, मराठीत काही लिहिलेस तर आधी काकांना दाखव.' मजकुरात लिहिले होते: 'बाबा आम्हांला सोडून गेले. आई ठीक आहे, सगळे लोक येऊन राहिले आहेत.' आम्ही वाचले आणि म्हणालो, 'बरोबर आहे. असेच जाऊ दे.' तिने पुन्हा विचारले, 'नक्की?' आम्ही म्हणालो, 'नक्की.'

नानांचे शेवटचे कार्ड मार्गशीर्षातले आहे. शाळेच्या सहामाही परीक्षांच्या गडबडीत त्याला उत्तर द्यायचे राहून गेले होते. परतल्यावर टेबलाच्या खणातून ते काढले. खुशालीच्या चार ओळी, वहिनींचा खोकला, आणि मग: 'बाजारात गराडू आले आहेत. तळून, मसाला लावून दोन वेळा झाले, तुझी आठवण निघाली. सुट्टी केव्हा? केव्हा येऊन राहिला आहेस?' अक्षर जरा कापरे झाले आहे, ओळी दाटलेल्या आहेत, आणि उजवीकडे दोन बोटे जागा कोरी आहे.

म्हणींचे टिपण पुढील अंकी.